हेर डॉक्टरांची लांबशिंगी

जर्मनीत भाड्याचं घर देताना लोक काय काय विचारतात. पगाराच्या स्लिपा मागतात, आधीच्या मालकाचं शिफारसपत्र मागतात, पियानो वाजवता का, कुत्रा आहे का, तळणाचा वास जिन्यात येईल का, सगळं विचारतात. आमच्या घरमालकांनी यातलं काहीच विचारलं नाही. बॉनमध्ये, ऱ्हाईनच्या पलीकडच्या काठावर त्यांचं घर होतं आणि वरचा मजला भाड्याने द्यायचा होता. त्यांनी निखिलला आणि मला स्वयंपाकघरात बसवलं, निखिलकडे रोखून पाहिलं आणि म्हणाले, "तुमच्या घरच्या गायीचं नाव काय होतं?"

माझा नवरा कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर वाढला. त्याच्या घरी दूध पिशवीतून यायचं आणि पिशवीवरच्या गायीला नाव नव्हतं. पण आम्ही दोघं कंपनीने दिलेल्या एका खोलीत महिनोन् महिने राहून कंटाळलो होतो आणि मला दिवस गेले होते. निखिल म्हणाला, "कपिला."

"शिंगं?"

"मोठी."

"किती मोठी?"

निखिलने हात पसरले. हेर डॉक्टरांनी त्या दोन हातांमधलं अंतर सहानुभूतीने पाहिलं. गरिबाच्या घरचा दागिना पाहावा तसं. मग म्हणाले, "आल्झो, तुमच्या मानाने बरी आहेत. वोनुंग तुमची." म्हणजे घर आम्हाला मिळालं.

त्यांना सगळी गल्ली हेर डॉक्टर म्हणायची आणि त्यांचं खरं नाव मी फक्त दारावरच्या पाटीवर वाचत असे. ते निवृत्त गुरांचे डॉक्टर होते. आता ते नाहीत. मी बॉनमध्ये काढलेली सगळी वर्षं आठवू लागले की ऑफिस आठवत नाही, नदी आठवत नाही, आधी ते आठवतात. उंच, वाकलेले, उन्हाळ्यातही लोकरी जाकीट घातलेले आणि बसस्टॉपवर उभे असताना मधूनच दोन्ही हात डोक्यावर शिंगांसारखे कमानदार उचलणारे. ते व्यायाम करतात असं नव्या लोकांना वाटायचं. युगांडाच्या पश्चिमेला अंकोले नावाच्या मुलखात गायींचं कौतुक करायला नाचताना हात असे धरतात. हेर डॉक्टरांना गाय आठवली की त्यांचे हात वर जायचे. बस आली तरी जायचे, आणि ड्रायव्हरला वाटायचं याला बस नकोय.

तरुणपणी ते तिथे गेले होते. जर्मनीने त्यांना गायी सुधारायला पाठवलं होतं. अंकोलेच्या गायीला हातभर नाही, माणसाच्या उंचीएवढी शिंगं असतात आणि दूध जेमतेम लोटाभर. हा हिशोब जर्मनीतल्या कुठल्यातरी साहेबाला सहन झाला नाही. म्हणून त्याने आमच्या हेर डॉक्टरांना काळ्या-पांढऱ्या जर्मन बैलाचं गोठवलेलं वीर्य देऊन रवाना केलं. तिथल्या गायींना रेतन करा, पुढच्या पिढीला शिंगं कमी आणि दूध जास्त होईल, असा सरळ कार्यक्रम होता. हेर डॉक्टरांनी तो काही काळ इमानदारीने राबवला. मग एका संध्याकाळी त्यांनी गुराख्यांना कळपासमोर उभं राहून एकेका गायीची स्तुती म्हणताना ऐकलं. काठी उंच धरून, एका दमात, मध्ये श्वास न घेता. गाय तांबडी असेल तर कुठली तांबडी, पाठीवर पांढरा पट्टा असेल तर तो कसा, शिंगं वळताना कुठे थबकतात, हे सगळं त्यात होतं. इकडे जर्मनीत गायीच्या कानात पिवळा बिल्ला आणि बिल्ल्यावर आकडा. हेर डॉक्टर सांगायचे, "मी त्यांना सुधारायला गेलो होतो. त्यांनी मला ऐकायला बसवलं. मग मी कामाचा उरलो नाही."

ते परत आले ते असे. उरलेलं आयुष्य त्यांनी ऱ्हाईनकाठच्या गायींचे खूर तपासण्यात घालवलं आणि प्रत्येक शेतकऱ्याला सांगितलं की तुझ्या गायी कुरूप आहेत. त्यांची बायको फार पूर्वी एका दातांच्या डॉक्टराबरोबर निघून गेली होती. त्याबद्दल त्यांना राग नव्हता. त्या माणसाने पूडल पाळला होता, एवढाच त्यांचा आक्षेप होता.

घरात अंकोलेचे नियम चालायचे. पहिला नियम, जिवंत कशाचीही मोजदाद करायची नाही. तिथला गुराखी गायी मोजत नाही, मोजणं अशुभ असतं. एखादी कमी असेल तर तो रंगावरून ओळखतो. त्यामुळे हेर डॉक्टरांनी कधीही, कुठेही, माणसं मोजली नाहीत. नेबेनकोस्टन, म्हणजे पाणी-कचऱ्याचा खर्च, घरात राहणाऱ्या माणसांच्या संख्येवर ठरतो. त्यासाठी नगरपालिकेतून विचारणा यायची, घरात किती जण राहतात? हेर डॉक्टर सुवाच्य अक्षरात उत्तर लिहायचे: "सगळे घरी आहेत." मग नगरपालिकेतून फोन यायचा, आणि शेवटी मी जाऊन आकडा सांगून यायची. आमची ईरा जन्मल्यावर त्यांनी पाळण्यात वाकून पाहिलं आणि समाधानाने म्हणाले, "आता सगळे घरी आहेत." तेव्हा मला तो नियम पहिल्यांदा आवडला.

दुसरा नियम दुधाचा. अंकोलेत दुधाची लाकडी भांडी गवताच्या धुराने धुपवतात, त्याने दुधाला वास येतो. हेर डॉक्टर दर शनिवारी खाली स्वयंपाकघरात भांडी धुपवायचे. पहिल्या शनिवारी आम्ही फायर ब्रिगेडला फोन केला. फायर ब्रिगेडवाले म्हणाले, "कुठलं घर? अच्छा, ते? तिथे शनिवारी आम्ही येत नाही."

तिसरा नियम नव्हता, ती सवय होती आणि तिने त्यांना आम्ट म्हणजे सरकारी कचेरीपासून कोर्टापर्यंत सगळीकडे फिरवलं. अंकोलेत एखाद्या बाईचे डोळे गायीसारखे आहेत म्हणणं ही मोठी तारीफ. मराठीत गाय म्हटलं की बिचारी. आणि जर्मनीत बाईला गाय म्हणणं ही शिवी, त्याबद्दल फिर्याद करता येते. हेर डॉक्टर पासपोर्टचं नूतनीकरण करायला गेले असताना काउंटरवरच्या बाईंना अगदी मनापासून म्हणाले, "फ्राऊ, तुमचे डोळे गायीसारखे आहेत." बाईंनी फिर्याद केली. त्यांनी लेखी माफी मागावी असं ठरलं. त्यांनी माफीच्या पत्रात लिहिलं की माझी चूक झाली, नीट पाहिल्यावर लक्षात आलं की तुमचे डोळे तसे नाहीत. बाईंनी दुसरी फिर्याद केली.

तर अशा माणसाकडे एके दिवशी खरीखुरी अंकोलेची मुलगी चहाला आली.

तिचं नाव पेशन्स. बॉनच्या युनिव्हर्सिटीत फार्मसीत पीएच.डी. करत होती आणि आमच्याच ट्राममध्ये मला भेटली होती. मी तिला विचारलं, युगांडात कुठली? ती म्हणाली, तशी कंपालाची, पण घरचे अंकोलेचे. मी आनंदाने तिला घरी घेऊन आले. हेर डॉक्टरांनी दार उघडलं आणि तिच्याशी तिच्या भाषेत बोलायला सुरुवात केली. लांबलचक, गंभीर, मध्ये मध्ये छातीवर हात ठेवत. पेशन्स तोंड उघडं टाकून ऐकत राहिली.

"काय म्हणाले?" मी हळूच विचारलं.

"सगळं नाही कळलं," ती इंग्रजीत म्हणाली. "बहुतेक विचारतायत की माझ्या वडिलांचा कळप कुठल्या टेकडीवर चरतो. माझे वडील विमा कंपनीत आहेत."

हेर डॉक्टरांनी तिच्यापुढे धुपवलेल्या भांड्यातलं दूध ठेवलं. ती म्हणाली, "सॉरी, मला दूध पचत नाही." त्यांनी मग भिंतीवरचा फोटो दाखवून गायीच्या रंगाचं नाव विचारलं. ती म्हणाली, "ब्राउन." हेर डॉक्टर खुर्चीत बसले. मग म्हणाले, "बिहोगो. याला बिहोगो म्हणतात. तुझ्या आजोबांनी हे ऐकलं असतं तर?"

"आजोबा माझ्या जन्माआधीच गेले," पेशन्स म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "आणि हेर डॉक्टर, तुम्हाला जर्मन बैलांचे किती रंग येतात? तुमच्या पणजीला घोड्याच्या लगामाची जेवढी नावं यायची तेवढी सांगा ना मला. इथे प्रत्येक जण मला आफ्रिका शिकवायला निघतो. मी इथे गोळ्यांवरचं आवरण शिकायला आले आहे."

मला वाटलं आता संपलं. पण हेर डॉक्टरांना भांडणारं माणूस आवडायचं. पुढच्या रविवारी त्यांनी तिला परत बोलावलं आणि ती परत आली. नाव पेशन्स असलं तरी तिच्यात तो गुण बेताचाच होता, त्यामुळे दर रविवारी खालून वाद ऐकू यायचा आणि निखिल म्हणायचा, "चला, सगळे घरी आहेत."

त्यांची सगळ्यात मोठी लढाई मात्र एका पाटीशी होती. बॉनपासून तासाभरावर आयफेलच्या डोंगरात एक वाइल्डपार्क होतं. हरणं, रानडुकरं, एक दमलेला लांडगा, आणि एका कुंपणात एक म्हातारी अंकोले गाय. गडद तांबडी, आणि शिंगं अशी की पोरं आधी शिंगांकडे बघायची आणि गाय नंतर दिसायची. तिची आई आणि तिची आजीही जर्मनीतच जन्मलेल्या. हेर डॉक्टर तिच्याशी अंकोलेच्या भाषेत बोलायचे, ती ढिम्म उभी राहायची. राखणदार "कोम!" म्हणाला की लगेच जायची. आमच्या ईराचं तसंच होतं. मी मराठीत विचारायचे, ती जर्मनमध्ये उत्तर द्यायची.

त्या कुंपणावर पाटी होती: वातुसी-रिंड, म्हणजे वातुसी गाय. हेर डॉक्टर पाटी वाचली की लाल व्हायचे. "वातुसी हे माणसांचं नाव! एका जमातीचं! आणि तेही शेजारच्या देशातल्या! उद्या कंपालाच्या प्राणिसंग्रहालयात एक डॅक्सहुंड ठेवला आणि खाली लिहिलं 'डेनिश', तर?" ते घरून कागदाची नवी पाटी करून न्यायचे आणि जुनीवर चिकटवायचे. पार्कवाले काढायचे. असं बरंच चालल्यावर पार्कने त्यांना हाउसफरबोट दिला, म्हणजे फाटकातून आत यायलाच बंदी. मग ते आमचं तिकीट काढून आम्हाला आत पाठवायचे आणि स्वतः बाहेरच्या रस्त्यावर, कुंपणाला लागून, जाळीतून गायीची स्तुती म्हणायचे. सहलीला आलेली मुलं टाळ्या वाजवायची.

त्याच उन्हाळ्यात माझे सासरे आले. सासूबाई नणंदेच्या बाळंतपणात अडकल्या होत्या, म्हणून अण्णा एकटेच. पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले, मूळचे आटपाडीकडचे. हेर डॉक्टरांनी त्यांच्यासाठी केक केला, भांडी धुपवली आणि मला दुभाषी म्हणून बसवून पहिलाच प्रश्न केला, "कपिलाचं शेवटी काय झालं?"

गेली काही वर्षं निखिलला या कपिलाचं चरित्र हप्त्याहप्त्याने पुरवावं लागलं होतं. तिचं आजारपण, तिची वासरं, तिने पुराच्या वेळी दाखवलेली अक्कल. निखिल माझ्याकडे केविलवाणं पाहत होता. मी म्हणाले, "अहो अण्णा, ते विचारतायत, कपिलाचं काय झालं?"

"कोण कपिला?"

"आपली गाय."

"आपल्याकडे कुठली गाय? म्हैस होती. तीही आटपाडीला. आणि मारकी होती."

मी भाषांतर केलं. दुसरं काही सुचलं नाही. हेर डॉक्टरांनी केकची सुरी खाली ठेवली. "ब्युफेल?" ते म्हणाले. मग निखिलकडे वळून पुन्हा, अगदी हळू, "ब्युफेल?"

निखिल आठवडाभर मागच्या दाराने ऑफिसला गेला.

अण्णांना मात्र भिंतीवरच्या गायींच्या फोटोंनी धरून ठेवलं होतं. ते एकेका फोटोपाशी थांबून म्हणाले, "शिंगं चांगली आहेत. पण आमच्या चुलत्यांचा खिल्लार बैल यांनी पाहिला असता तर हे बोलले नसते. काजळी खिल्लार. मान अशी, शिंगं अशी पाठीमागे वाकलेली, जशी तलवारच." मी भाषांतर केलं. हेर डॉक्टर म्हणाले, "शिंग मागे गेलं तर आकाश कोण धरणार?" अण्णा म्हणाले, "आकाश धरायला बैल कशाला हवाय? बैल गाडीला हवाय." त्यानंतर मला बसून दोन तास बैलांच्या शिंगांवर भांडण चालवावं लागलं, आणि माझ्या जर्मनची सगळ्यात मोठी परीक्षा ती होती. दोघांचं एकमत झालं ते फक्त खाण्यावर. हेर डॉक्टर म्हणाले, दूध प्यायल्यावर त्याच दिवशी अमुक अमुक खायचं नसतं. अण्णा खूश होऊन म्हणाले, "विरुद्धाहार! बघ, मी सांगतो तर तुम्ही हसता. हा शहाणा माणूस आहे." त्या दिवसापासून ते दोघं रोज सकाळी नदीवर फिरायला जायला लागले. एकमेकांचं अक्षरही त्यांना कळत नव्हतं, त्यामुळे मैत्री फार छान टिकली.

सप्टेंबरात पेपरात बातमी आली. वाइल्डपार्क विकलं गेलं. तिथे झाडांवर दोर बांधून लोकांनी लोंबकळायचं नवं पार्क होणार होतं. हरणं एकाने घेतली, लांडगा दुसऱ्याने. म्हातारी गाय कोणालाच नको होती. तेव्हा गायींच्या वेडाच्या रोगाची भीती अजून लोकांच्या मनातून गेली नव्हती, आणि दूध न देणाऱ्या परक्या गायीचे कागद कोण सांभाळणार? तिला महिनाअखेर कसाईखान्यात पाठवायचं ठरलं.

हेर डॉक्टरांनी आधी विचारलं की ती आपल्या मागच्या बागेत राहू शकेल का. आम्टने सांगितलं की रहिवासी भागात गाय ठेवता येत नाही. त्यांनी सांगितलं की ती आवाज करत नाही. आम्टने सांगितलं की प्रश्न आवाजाचा नाही. मग त्यांनी आयुष्यभर ज्यांच्या गायींना कुरूप म्हटलं त्या सगळ्या शेतकऱ्यांना एकेक करून फोन केले. ते फोन मी ऐकले आहेत. सगळ्यांनी त्यांचं ऐकून घेतलं आणि नाही म्हटलं. शेवटी वेस्टरवाल्डच्या बाजूचा युप नावाचा एक जाडजूड शेतकरी हो म्हणाला.

"पण एक अट," युप म्हणाला. "माझ्या गोठ्याचं दार जुनं आहे, अरुंद आहे. ती शिंगं आत जायची नाहीत. शिंगं कापावी लागतील. माझ्या सगळ्या गायींची कापलेली आहेत. तुम्हीच कापलीत, हेर डॉक्टर."

हेर डॉक्टर फोन ठेवून जिन्यात बसले. मी वरून येत होते. मी कधी त्यांना इतकं लहान झालेलं पाहिलं नव्हतं. म्हणाले, "शिंगं कापली तर ती जगेल. पण मग ती कोण असेल?"

"गाय असेल," मी म्हणाले.

"गेनाऊ, अगदी बरोबर," ते म्हणाले. "नुसती गाय."

दुसऱ्या दिवशी ते मोजपट्टी घेऊन युपकडे गेले. जिवंत काही मोजायचं नाही हा नियम; दार जिवंत नव्हतं. ठरलं की शिंगं कापण्याऐवजी दार कापायचं. लाकडी खांब एका बाजूने तासला की झालं, आणि युपही म्हणाला, कापा. पण तो गोठा कित्येक पिढ्यांचा, लाकडी चौकटीचा, खांबावर कोरीव अक्षरं. तो डेंकमालशुट्झखाली होता, म्हणजे जुना वारसा म्हणून सरकारने संरक्षण दिलेला. परवानगीशिवाय त्याला खिळा मारता येत नव्हता. हेर डॉक्टरांनी अर्ज केला. गाय यायच्या दिवशीच वारसा खात्याच्या एक तरुण बाई तपासणीला आल्या.

तो दिवस आम्ही सगळ्यांनी सुट्टी काढून पाहिला. मी, निखिल, कडेवर ईरा, अण्णा, पेशन्स. गाय उघड्या ट्रकमध्ये उभी. ट्रकवाला घड्याळाकडे पाहतोय. गुरांच्या खात्याचा माणूस सांगतोय की तिला आजच्या आज बंद गोठ्यात ठेवलं नाही तर कागद रद्द, ट्रक सरळ कसाईखान्यात. आणि वारसा खात्याच्या बाई खांबावर हात फिरवत म्हणतायत, "किती सुंदर आहे हा खांब! नाही, नाही, याला हात लावता येणार नाही. याला इतिहास आहे."

"आणि तिला?" हेर डॉक्टरांनी ट्रककडे बोट दाखवलं. "तिच्यासाठी राजांच्या दरबारात कवनं म्हटली गेली. तिच्या शिंगांना वळणावळणाला नावं आहेत. तिचा इतिहास तुमच्या या खांबाहून जुना आहे!"

बाई भल्या होत्या. त्यांनी खरोखर वही चाळली. "सॉरी," त्या म्हणाल्या, "माझ्याकडे फक्त इमारती आहेत. शिंगांबद्दल आमचा आक्षेप नाही. शिंगं तुम्ही कापू शकता."

युप करवत घेऊन आला. म्हणजे एका देशात लाकूड वाचवायला अख्खं खातं हजर होतं आणि शिंगं वाचवायला एकच माणूस, आणि तोही निवृत्त. हेर डॉक्टर दाराच्या मधोमध जाऊन उभे राहिले. हात वर केले नाहीत. नुसते उभे राहिले. पेशन्स जाऊन त्यांच्या शेजारी उभी राहिली. दूध न पिणारी, रंगाला ब्राउन म्हणणारी पेशन्स. मग अण्णा गेले. आणि मला इकडे ओरडून म्हणाले, "अगं, त्या युपला सांग, आधी तिला खाली तरी उतरवा! ट्रकमध्ये किती वेळ उभी ठेवणार मुक्या जनावराला?"

मी सांगितलं. युपने फळी टाकली. गाय खाली उतरली. तिला आतल्या ताज्या गवताचा वास आला असावा. ती दारापाशी आली, तिच्या वाटेतून हे तिघं आपोआप बाजूला झाले, आणि तिने मान वाकडी केली. एक शिंग खाली, एक वर. डावं आधी आत गेलं, मग डोकं, मग तिने मान सावकाश फिरवली आणि उजवं शिंग मागून आत घेतलं. जसं आपण अरुंद जिन्यातून सतरंजी नेतो तसं. खांबाला शिंग लागलंसुद्धा नाही. आत जाऊन ती गवत खायला लागली.

वारसा खात्याच्या बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. युप करवत घेऊन उभा. हेर डॉक्टरांचा चेहरा पाहण्यासारखा होता. या जनावराची कवनं, रंगांची नावं, शिंगांची वळणं, सगळं त्यांना पाठ होतं. पण अंकोलेत गायी काटेरी कुंपणात उघड्यावर राहतात. तिला दारातून जाताना त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

"तिला मान आहे," अण्णा मराठीत म्हणाले. त्याचं भाषांतर मी केलं नाही.

त्यानंतर हेर डॉक्टर दर रविवारी बस बदलत युपकडे जायला लागले. आम्ही अधूनमधून जायचो, पेशन्स बऱ्याचदा जायची. ते तिला रंगांची नावं शिकवत आणि ती त्यांना फोनवर मेसेज कसा पाठवायचा ते. अण्णा परत गेले होते, पण फोनवर पहिलं गायीबद्दल विचारायचे, मग ईराबद्दल.

वसंतातल्या एका रविवारी आम्ही सगळे युपच्या कुरणाशी बसलो होतो. पलीकडच्या शेतात युपचा ट्रॅक्टर चालला होता. पेशन्स दर रविवारी गावी आजीला फोन करायची. त्या दिवशी तिने तो हेर डॉक्टरांच्या हातात दिला. "बोला. तिला तुमच्याबद्दल सांगितलंय." आणि स्पीकर लावला.

हेर डॉक्टर उठून उभे राहिले. जाकिटाची बटणं लावली. मग ती लांबलचक, गंभीर भाषा. पलीकडून आजी जी हसली. इतकी हसली की मध्येच तिला खोकला आला.

पेशन्सने आम्हाला सांगितलं, "म्हणते, असं तर तिच्या आजोबांच्या वेळचे म्हातारे बोलायचे. विचारते, हा कोण मेलेला परत आलाय?"

हेर डॉक्टरांनी मनावर घेतलं नाही. त्यांनी कळपाची चौकशी केली. पेशन्स भाषांतर करायची थांबली. मी तिला खूण केली तेव्हा ती हळू आवाजात म्हणाली, "आजी म्हणते, लांबशिंग्या कधीच विकल्या. शेवटची मामाच्या लग्नात गेली. आता काळ्या-पांढऱ्या आहेत. त्या भरपूर दूध देतात, डेअरीचा ट्रक दारात येतो. म्हणते, नाहीतर पेशन्सची शाळा कशावर झाली असती?"

हेच करायला त्यांना जर्मनीने तिकडे पाठवलं होतं. हीच काळी-पांढरी. जन्मभर ते त्याबद्दल स्वतःला बोल लावत आले होते, आणि दर रविवारी त्यांच्याशी वाद घालणारी ही मुलगी त्याच दुधावर शिकून इथवर आली होती. हेर डॉक्टर पेशन्सकडे पाहत राहिले. ती कुरणाकडे पाहत होती. हे तिलाही नव्यानेच कळत होतं, असं मला वाटलं.

शेवटी ते फोनवर थोडंसंच बोलले. "विचारतायत, त्या गायींना नावं आहेत का," पेशन्स म्हणाली.

आजी रागावली. हे कळायला भाषांतर लागलं नाही. बिननावाची गाय कुठे असते का? आणि तिने सुरू केलं. वेगाने, चढ्या सुरात, काठी उंच धरली असावी असं. पेशन्स मागे पडत, अडखळत आम्हाला सांगू लागली: "ती... जिच्या पाठीवर ढगाची सावली पडली आणि उठलीच नाही. ती, जी कुंपणाशी आली की भांडी पुढे सरकतात. ती, जिच्यासाठी ट्रकवाला इंजिन बंद करून थांबतो. ती..." पेशन्स थांबली. "आजी हे म्हणते हे मला माहीतच नव्हतं."

फोनवरची स्तुती संपली. हेर डॉक्टरांचे डोळे लाल झाले होते. ते खाकरले.

"चूक आहे," ते म्हणाले. "तिसऱ्या ओळीपाशी तिने श्वास घेतला. मध्ये श्वास घ्यायचा नसतो."

"तिला सांगू तसं?" पेशन्सने विचारलं.

त्यांनी मान हलवली. नाही. जाकिटाच्या खिशात रुमाल शोधला, सापडला नाही, मग बाहीनेच डोळे पुसले.

"पुन्हा म्हणायला सांग," ते म्हणाले.

पेशन्सने सांगितलं. आजीने पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, आणि पलीकडे युपने ट्रॅक्टर बंद केला.